कीवर्ड टूल घेण्याआधी: तो आकडा येतो कुठून?

गूगलवर जाहिरात द्यायचं ठरलं की चार दिवसांत कुणीतरी सांगतंच, "आधी एखादं चांगलं कीवर्ड टूल घे." कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाइप करतात ते शब्द; कोणता शब्द किती शोधला जातो, हे अशी टूल सांगतात. मग सेमरश घ्यावं की एचरेफ्स, मॉझ बरं की उबरसजेस्ट, फुकटातलं चालेल का, यावर चर्चा रंगते. या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. टूलच्या पडद्यावर 'महिन्याला 2,400 सर्च' असं दिसतं, ते त्या टूलला कुणी सांगितलं? याचं उत्तर कळलं की टूल निवडणं बरंच सोपं होतं. बहुतेक छोट्या धंद्यांना तर निदान सुरुवातीला काहीच विकत घ्यायची गरज नाही, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

एक उदाहरण धरून चालू. देवगडचा एक बागायतदार आहे. स्वतःची कलमं आहेत आणि मार्च ते मे तो पुण्या-मुंबईला घरपोच पेट्या पाठवतो. छोटीशी वेबसाइट आहे, बाकी ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. यंदा गूगल ॲड्सवर रोज 500 रुपये घालायची त्याची तयारी आहे, म्हणजे महिन्याला 15,000 आणि वर 18 टक्के जीएसटी. त्याने बोली लावायची कोणत्या शब्दांवर?

सर्च जाहिरात हा शब्दांचा लिलावच असतो. कुणी 'देवगड हापूस ऑनलाइन' शोधलं की त्याच क्षणी त्या शब्दासाठी इच्छुक असलेल्यांमध्ये लिलाव होतो, आणि क्लिक झाला तरच पैसे कापले जातात. ही पद्धत बाजारात आणली ती बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने, 1998 मध्ये. पुढे या कंपनीचं नाव ओव्हर्चर झालं आणि 2003 मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलचं ॲडवर्ड्स 2000 साली आलं. 2018 पासून आपण त्याला गूगल ॲड्स म्हणतो. गूगल नुसती बोलीची रक्कम बघत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारं पान कितपत कामाचं आहे, हेही मोजतं. म्हणून नेमका शब्द सापडला तर कमी बोलीतही वरची जागा मिळते. कीवर्ड शोधायचा खटाटोप त्यासाठीच करायचा.

विहीर एकच, पोहरे वेगळे

गूगलवर कोणता शब्द किती वेळा शोधला गेला, हे खात्रीने फक्त गूगलला माहीत असतं. ते ही माहिती जाहिरातदारांना 'कीवर्ड प्लॅनर'मधून देतं. हे टूल गूगल ॲड्सच्या खात्यातच असतं, फुकट असतं, आणि 2013 मध्ये जुन्या 'कीवर्ड टूल'च्या जागी आलं. बाहेरच्या कंपन्यांचे आकडे बहुतांशी याच विहिरीतून काढलेले असतात. त्यावर ते आपापली प्रक्रिया करतात, आलेख सुंदर काढतात, शब्दांचे गट पाडून देतात. म्हणून एकाच शब्दाला तीन टूल तीन आकडे दाखवतात, आणि तिन्ही आकडे अंदाजच असतात.

काही कंपन्या आणखी एक स्रोत वापरतात, तो म्हणजे क्लिकस्ट्रीम. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, फुकट ॲप्स अशा ठिकाणांहून लोक कुठे काय टाइप करतात, कुठे क्लिक करतात याची माहिती गोळा होते आणि विकली जाते. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीची जम्पशॉट नावाची उपकंपनी नेमका हाच धंदा करायची. ज्या अँटिव्हायरसवर लोकांनी भरवसा ठेवला, त्याच्याच वापरकर्त्यांचं ब्राउझिंग विकलं जातंय हे बाहेर आल्यावर ओरड झाली आणि जानेवारी 2020 मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. टूल निवडणाऱ्याने यातून एवढं लक्षात ठेवायचं की हा स्रोत एका दिवसात आटू शकतो. शिवाय ज्यांच्या कंप्युटरवरून ही माहिती जमते, त्यांत सिंधुदुर्गातले किंवा साताऱ्यातले मोबाईलवाले किती असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तिसरा स्रोत म्हणजे गूगलच्या शोधखिडकीत अर्धा शब्द टाइप केल्यावर खाली उघडणाऱ्या सूचना. 'आन्सर द पब्लिक'सारखी टूल या सूचना गोळा करून मांडून देतात. शब्द सुचण्यासाठी हे उत्तम, पण सूचना आली म्हणजे किती लोकांनी शोधलं हे कळत नाही. आणि हेच काम शोधखिडकीत 'हापूस' लिहून, पुढे एकेक अक्षर टाकत, अर्ध्या तासात हातानेही होतं.

प्लॅनर वाचायचा कसा

प्लॅनर फुकट आहे, पण भोळेपणाने वाचला तर दिशाभूल करतो.

पहिली गोष्ट सरासरीची. प्लॅनर जो आकडा समोर ठेवतो तो साधारणपणे गेल्या बारा महिन्यांची सरासरी असतो. समजा एखादा शब्द वर्षात 36,000 वेळा शोधला गेला आणि त्यातले 30,000 शोध मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांतले आहेत. प्लॅनर दाखवणार 3,000. प्रत्यक्षात सीझनमध्ये महिन्याला 10,000 शोध होतात आणि उरलेल्या महिन्यांत जेमतेम सहा-सातशे. 3,000 हा आकडा वर्षातल्या एकाही महिन्याचा नाही! आंबा, फटाके, रेनकोट, दहावीचे क्लास, लग्नाचे हॉल, यांपैकी काहीही विकत असाल तर सरासरी सोडा आणि शेजारचा महिनावार आलेख उघडा. सोबत गूगल ट्रेंड्स बघा. तिथे प्रत्यक्ष संख्या नसते, 0 ते 100 असा सापेक्ष निर्देशांक असतो, पण 2004 पासूनचा चढउतार दिसतो आणि महाराष्ट्रापुरतंही बघता येतं. लोक आंबा शोधायला कोणत्या आठवड्यात लागतात, हे बागायतदाराने तिथे बघावं. पैसे ओतायला सुरुवात त्याच सुमाराला करायची, पहिली पेटी भरली त्या दिवशी नाही.

दुसरी गोष्ट, हे आकडे ठरलेल्या पायऱ्यांवर गोल केलेले असतात: 1,000, 1,300, 1,600, 1,900, 2,400, 2,900, 3,600 अशा. मागच्या महिन्यात 1,900 आणि या महिन्यात 2,400 दिसलं म्हणजे मागणी पाव पटीने वाढली असं नव्हे. आकडा एका पायरीवरून दुसरीवर गेला, इतकंच.

तिसरी अडचण नव्या खात्यांना हमखास येते. 2016 पासून, ज्या खात्यातून फारसा खर्च होत नाही, त्याला प्लॅनर नेमका आकडा न देता पट्टा दाखवतो: '100 ते 1 हजार', '1 हजार ते 10 हजार'. एवढ्या रुंद पट्ट्यात काय कळणार? इथेच बाहेरच्या टूलवाल्यांचं फावतं. पण यावर एक तोड आहे. निवडलेले शब्द एक्झॅक्ट मॅच करून (म्हणजे नेमक्या त्याच किंवा अगदी जवळच्या शोधापुरते ठेवून) प्लॅनरच्या फोरकास्ट भागात टाका. तिथे अंदाजे किती वेळा जाहिरात दिसेल, किती क्लिक येतील, किती खर्च होईल हे येतं. पट्ट्यापेक्षा ते बरंच नेमकं असतं.

आणखी एक. 'हापूस आंबा', 'हापूस आंबे' अशी जवळची रूपं प्लॅनर पुष्कळदा एकत्र मोजतो आणि प्रत्येकासमोर तोच आकडा दाखवतो. एक्सेलमध्ये ओढून त्यांची बेरीज केली की मागणी दुप्पट दिसते. एजन्सीने दिलेल्या चकचकीत रिपोर्टमध्येही ही बेरीज सापडते, तेव्हा बघून घ्या.

'कॉम्पिटिशन' या रकान्यावरून तर अनेकांचा घोळ होतो. तिथलं लो, मीडियम, हाय हे जाहिरातदारांच्या गर्दीबद्दल असतं. साध्या निकालात वर येणं किती अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. बाहेरच्या टूलमधली 'कीवर्ड डिफिकल्टी' बरोबर उलटी. एचरेफ्स ती मोजतं पहिल्या दहा निकालांना किती वेबसाइटनी लिंक दिल्यात यावरून, म्हणजे ती एसईओची, पैसे न देता निकालात वर येण्याच्या कामाची, अडचण झाली. पैसे देऊन जाहिरात करणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. तरी टूलची भलामण करणारे व्हिडिओ तोच रकाना आधी दाखवतात.

जाहिरातदाराने बघायचा तो बोलीचा रकाना. वरच्या जागेसाठी इतरांनी साधारण काय मोजलं, याचं खालचं आणि वरचं टोक तिथे दिलेलं असतं. गणित करून बघा. समजा क्लिकला 15 रुपये पडतात. 500 रुपयांत 33 क्लिक. शंभरातल्या तिघांनी ऑर्डर दिली असं धरलं, तर दिवसाला एक ऑर्डर. म्हणजे एका ऑर्डरमागे 500 रुपये जाहिरातीत गेले. पेटीमागे तेवढे सुटत नसतील, तर त्या शब्दाला महिन्याला 10,000 लोक शोधोत की एक लाख, तो आपल्या कामाचा नाही. आणि 'ऑथेंटिक देवगड हापूस 5 डझन पेटी पुणे' असा लांबलचक शब्द महिन्यात वीस जणांनीच शोधला, पण क्लिक 6 रुपयांत मिळाला आणि पाचातल्या एकाने पेटी मागवली, तर तो सोन्यासारखा.

हापूस, इंडोनेशिया आणि एक फुटबॉलपटू

आता प्रत्यक्ष शब्द टाकून बघू. 'हापूस' इंग्रजी अक्षरांत लिहून, ठिकाण 'सर्व देश' ठेवून शोधलंत तर आकडा छाती दडपवणारा येतो. कारण मजेशीर आहे. हीच अक्षरं इंडोनेशियन भाषेत 'पुसून टाकणे, डिलीट करणे' या अर्थाची आहेत. अकाउंट डिलीट कसं करायचं हे शोधणारा अख्खा इंडोनेशिया त्या आकड्यात येऊन बसतो. ठिकाण भारत केलं की फुगा फुटतो. 'अल्फान्सो' घेतला तर दुसरी गंमत: अल्फान्सो डेव्हिस हा कॅनडाचा नावाजलेला फुटबॉलपटू आहे. त्याच्या नावाने शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसली तर फुकटचा खर्च. म्हणून 'डेव्हिस' आणि 'फुटबॉल' हे शब्द निगेटिव्ह यादीत टाकायचे, म्हणजे ते असलेल्या शोधांवर जाहिरात जाणार नाही.

निगेटिव्ह यादीत तेवढेच नाहीत. 'कलम', 'रोप', 'झाड', 'लागवड', 'फोटो', 'माहिती', 'निबंध', 'रेसिपी' हे शोधणारे आंबा खाणारे असतील, पण आज पेटी घेणारे नाहीत. खरं सांगायचं तर टूलचा सर्वांत चांगला उपयोग हा आहे. कोणते शब्द घ्यायचे यापेक्षा कोणते टाळायचे हे प्लॅनरच्या सूचनांतून पटकन दिसतं.

उलट 'ओरिजिनल', 'असली', 'जीआय टॅग' हे शब्द जोडून शोधणारा गंभीर गिऱ्हाईक असतो. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने गळ्यात पडेल, ही धास्ती त्याला असते. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग, मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. हे आपल्या पानावर नीट लिहिलेलं असेल तर अशा शब्दावर थोडी जास्त बोलीही परवडते.

आणि ठिकाण भारत केलं, तरी एक गिऱ्हाईक निसटतं. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवू पाहणारा मुलगा. त्याचा शोध भारताच्या आकड्यात येत नाही. त्याच्यासाठी 'सेंड मँगोज टू पुणे' अशा शब्दांची चाचणी त्या देशाचं ठिकाण लावून वेगळी करायची.

मराठीत टूल कुठे लंगडतात

आपल्याकडे एकच माणूस तीन प्रकारे शोधतो: देवनागरीत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आणि सरळ इंग्रजीत. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीला स्पेलिंगचा नियम नाही. 'आंबा'च्या शेवटी एक 'ए' लावणारे आहेत, दोन लावणारेही आहेत. देवनागरीतही हापूस आणि हापुस दोन्ही चालतात. गूगल यातली काही रूपं एकत्र ओळखतं, काही नाही. त्यामुळे मागणी दहा ठिकाणी विखुरते, प्रत्येक तुकडा लहान दिसतो आणि टूल सांगतं, 'डेटा नाही' किंवा '10 ते 100'. याचा अर्थ कुणी शोधत नाही, असा घेऊ नका. रोजच्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के याआधी कधीच न झालेले असतात, असं गूगल स्वतः सांगत आलंय. असे शब्द कुठल्याच टूलच्या यादीत असू शकत नाहीत.

महागडी टूल इथे फारशी मदत करत नाहीत, कारण त्यांची ताकद अमेरिकेतल्या आणि इंग्रजीतल्या डेटामध्ये आहे. विकत घेण्याआधी ट्रायलवर किंवा फुकट शोधांत आपल्या धंद्याचे वीस देवनागरी शब्द टाकून बघा. पंधरा ठिकाणी शून्य किंवा रिकामा रकाना आला तर निर्णय झालाच.

मराठी शब्दांचा खरा साठा गिऱ्हाइकाच्या तोंडी असतो. मागच्या सीझनचे व्हॉट्सॲप मेसेज उघडा. कुणी 'पेटीचा रेट काय' विचारलंय, कुणी 'डझनाला कसे दिले', कुणी 'पिकलेले मिळतील की कच्चे', कुणी 'नैसर्गिक पिकवलेला आहे का, पावडर तर नाही ना'. 'कार्बाइड' हा शब्द न वापरता 'पावडर' म्हणणारे किती आहेत, हे कुठलंही टूल सांगणार नाही. हे शब्द जसेच्या तसे यादीत घ्या. चॅटजीपीटीसारख्या साधनाला सांगून त्यांची आणखी रूपं काढून घेता येतात, तेही चांगलं करतं. फक्त त्याने सोबत सर्च व्हॉल्यूम, म्हणजे शोधांची संख्या, दिला तर तो मनावर घेऊ नका. नुसत्या गप्पांत दिलेला तो आकडा गूगलच्या हिशेबातून आलेला नसतो.

आपल्याच खात्यातलं धन

जाहिरात दोन आठवडे चालली की तुमच्याकडे कुणाही टूलपेक्षा सरस माहिती जमते. 'सर्च टर्म्स' रिपोर्टमध्ये लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं आणि त्यावर पैसे किती गेले हे दिसतं. 2020 पासून गूगल यात सगळे शोध दाखवत नाही, फार थोड्या लोकांनी केलेले लपवतं. ही तक्रार रास्त आहे. तरी उरलेलं पुष्कळ असतं. ब्रॉड मॅच (कीवर्डशी अर्थाने जुळणाऱ्या इतर शोधांवरही जाहिरात दाखवणं) चालू असेल तर हा रिपोर्ट आठवड्यातून दोनदा बघायलाच हवा. काहीच न सांगता कीवर्ड टाकला की तो ब्रॉडच धरला जातो, आणि ब्रॉडमध्ये गूगल 'अर्थाने जवळचं' म्हणून कुठवर जाईल सांगता येत नाही.

वेबसाइट आधीपासून असेल तर सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन तिला जोडलेलं आहे का बघा. तिथे फुकटात येणाऱ्या लोकांचे शोध 16 महिन्यांपर्यंत मागे बघता येतात. फेब्रुवारीत बसलात तर मागचा आख्खा आंब्याचा सीझन हाताशी येतो.

स्पर्धकांची टेहळणी हे विकतच्या टूलचं मोठं आकर्षण. त्यातलंही बरंच फुकट मिळतं. तुमच्याच लिलावात आणखी कोण असतं आणि किती वेळा तुमच्या वर दिसतं, हे गूगल ॲड्समधल्या 'ऑक्शन इनसाइट्स'मध्ये कळतं. त्यांच्या जाहिराती कशा दिसतात, हे 2023 मध्ये सुरू झालेल्या ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटरमध्ये कुणालाही बघता येतं. ते नेमक्या कोणत्या शब्दांवर बोली लावतात, एवढंच कळत नाही. ते हवं असेल तर सेमरशसारख्या टूलचा उपयोग आहे, पण तेही निकालाची पानं तपासून बांधलेला अंदाजच असतो, आणि छोट्या शहरापुरत्या जाहिरातीत तो हमखास तोकडा पडतो.

मग विकत कुणी घ्यावं? जो दहा-बारा क्लायंट सांभाळतो, एसईओ आणि जाहिरात दोन्ही बघतो, इंग्रजी बाजारात विकतो, त्याला महिन्याचे शंभराहून अधिक डॉलर वसूल होतात, कारण त्याचा वेळ वाचतो. आपल्या बागायतदाराला तेवढ्या पैशांत अर्ध्याहून अधिक महिन्याची जाहिरात होते. त्याला फारच वाटलं तर सीझनच्या आधी एक महिना घ्यावं, हवं ते उतरवून ठेवावं आणि सबस्क्रिप्शन बंद करावं. वार्षिक प्लॅनच्या सवलतीला भुलू नये; ऑगस्टात त्याला कीवर्ड शोधायचेच नसतात.

घ्यायचंच ठरलं तर टूल तपासायची एक पद्धत सांगतो, ती कुठल्याही परीक्षणापेक्षा भरवशाची आहे. तुमच्या खात्यात एक्झॅक्ट मॅचवर चाललेले पाच शब्द निवडा. प्रत्येकाची महिन्याची इम्प्रेशन्स (जाहिरात किती वेळा दिसली) बघा आणि शेजारी 'सर्च इम्प्रेशन शेअर' (दिसण्याच्या संधींपैकी किती टक्के मिळाल्या) हा रकाना लावा. एखाद्या शब्दावर जाहिरात 600 वेळा दिसली आणि शेअर 50 टक्के असेल, तर तुम्ही निवडलेल्या भागात ती दिसण्याच्या संधी साधारण 1,200 होत्या. आता तोच शब्द, तोच महिना, शक्य तितका तोच भाग टूलमध्ये टाका. एक्झॅक्ट मॅचही जवळचे शब्द ओढून आणतो, शिवाय टूल बहुधा संपूर्ण देशाचा आकडा देईल, तेव्हा थोडा फरक सोडून द्या. पण पाचही शब्दांचा चढता-उतरता क्रम तरी जुळायला हवा. तुमच्याकडे सर्वांत चाललेला शब्द टूलमध्ये तळाला असेल आणि ज्याला कुणी विचारत नाही तो वर, तर त्या टूलला कार्डाचा नंबर द्यायची घाई नको.